तिसरा आठवडा

अंजनीच्या पाठीच्या कण्यातली गाठ ऑपरेशन करून निघाली. पोरगी पाय हलवून राहिली होती, मला आणखी काय पाहिजे होतं? पण ह्यांचं एकच, ही गाठ झाली केव्हा?

डॉक्टर म्हणाले, जन्माआधीचीच आहे. गर्भात आतडं आणि कणा वेगळे होताना आतड्याचा एक कण कण्यातच राहून गेला.

"मतलब, सातवें महीने में?"

"नहीं शालिग्रामजी, तीसरे हफ्ते में. तब तो माँ को भी पता नहीं होता."

"सातवें में नहीं ना? पक्का?"

"बिल्कुल पक्का."

मी चिडले, "काहून तेच तेच विचारून राहिले?" हे तर डॉक्टरांचे दोन्ही हात धरून नुसते उभे राहिले.

घरी आल्यावर ह्यांनी अंजनीच्या स्कूटीची चावी उचलली. "चल, ग्वारीघाटला नारळ चढवून येऊ. बस मागं."

बावीस वर्षांत ह्यांनी स्कूटरला हात लावला नव्हता. डोळे अधू झाले म्हणायचे, आणि मी खरं मानलं होतं. चेरीतालच्या वळणावर ह्यांची स्कूटर घसरून मी पडले, तेव्हा मला अंजनीचा सातवा महिना होता.