डावीकडे दहा

दोन दिवस तापाने झोपून काढल्यावर सेकंड ऑफिसर ब्रिजवर आली, तेव्हा वादळ सरलं होतं आणि काचांवर सकाळचं ऊन होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं जहाज डोळ्याला डोळा न लावता झुंजत होतं आणि ती, कॅप्टनच्याच हुकमाने का होईना, पांघरूण घेऊन पडलेली.

"या, निद्रादेवी," कॅप्टन म्हणाले. त्यांच्या हातातला चहाचा कप रिकामा होता. तरी ते त्यातून घोट घेत होते.

समोर बंदराचं अरुंद तोंड, दोन्ही बाजूंना खडक.

"डावीकडे दहा," कॅप्टन म्हणाले.

"डावीकडे दहा." सुकाणूवाल्याने रिवाजाप्रमाणे हुकूम मोठ्याने परत म्हटला आणि चाक उजवीकडे फिरवलं.

"छान," सुकाणू किती अंश कुठे वळलं ते दाखवणाऱ्या तबकडीवरच्या काट्याकडे बघत कॅप्टन म्हणाले. शेजारी चीफ ऑफिसरनेही मान डोलावली. तिघेही डोळे फाडून काट्याकडे बघत होते आणि एकालाही तो दिसत नव्हता.

"सर, आपण उजवीकडे चाललोय," ती म्हणाली.

सुकाणूवाल्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मग घाईने चाक उलटं फिरवलं. कॅप्टननी कप खाली ठेवला.

"जहाज मागे घ्या. बाहेरच नांगर टाका," ते म्हणाले, "आणि सगळे झोपायला जा."

नांगर पडतो न पडतो तोच कंपनीचा फोन आला. सकाळीच आत आला नाहीत, तर पुढच्या फेरीला दुसरा कॅप्टन बघू, असं साहेबाने सुनावलं.

"जरूर बघा," कॅप्टन म्हणाले. "फक्त झोप झालेला बघा."

"जहाज तुझ्या ताब्यात," एवढं तिला सांगून ते मागच्या बाकावर बुटांसकट आडवे झाले. ती 'हो' म्हणेपर्यंत घोरायलाही लागले.

फोन पुन्हा वाजला.

"कॅप्टनला द्या."

"झोपलेत ते."

"मग उठवा."

"उठवायचं नाही, असा हुकूम आहे."

"कोणाचा?"

तिने एकदा खडकांकडे पाहिलं, एकदा बाकाकडे.

"माझा," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. मनातून तिला फार बरं वाटलं.

दुपारी सगळे ताजेतवाने होऊन जागेवर आले. "डावीकडे दहा," कॅप्टन म्हणाले. सुकाणूवाल्याने ते परत म्हटलं, काटा मुकाट डावीकडे गेला आणि दोन्ही खडक अलगद मागे पडले. खालच्या डेकवर कुणीतरी शीळ घातली.

धक्क्यावर कंपनीचा साहेब उभा होता. रात्रभर वाट बघून त्याचेच डोळे तांबारले होते. तरातरा शिडी चढून तो वर आला, कॅप्टनसमोर उभा राहिला, कडक काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि त्यातून लांबलचक जांभई बाहेर आली.

"निद्रादेवी," कॅप्टन हळूच म्हणाले, "साहेबांना एक केबिन उघडून दे."