घरचा समुद्र

तिसरी गोगलगायही मेली होती. उत्तमरावांनी ती चिमट्यानं उचलली, पेपरात गुंडाळली आणि कोकिळाबाई मागच्या दारी भांडी घासत होत्या तेवढ्यात तुळशीशेजारच्या कुंडीत पुरून टाकली.

हात धुऊन ते पुन्हा टाकीपुढे येऊन बसले. मेहकरात अशी टाकी दुसरी नव्हती. वर-खाली कसलीही पट्टी नाही, नुसती काचेला काच जोडलेली, काठोकाठ खारं पाणी. आत मुंबईहून ट्रॅव्हल्सनं आलेले दगड, त्यांवर जिवंत पोवळी, एक कोळंबी आणि नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. बघायला आलेले लोक आधी काचेला बोट लावायचे, मग विचारायचे, "सर, हे फुटत नाही का?"

ही सगळी कल्पना शिवमची. तो जहाजावर नोकरीला. बापाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि घरात बसून बाप चिडचिडा झाला, तेव्हा त्यानं सामान धाडलं आणि रोज व्हिडिओ कॉलवरून शिकवलं. मीठ किती, पाणी कोणतं, दिवा किती तास. शेवटच्या कॉलला म्हणाला होता, "बाबा, तुमचा समुद्र ठीक, तं समजा माझाही ठीक."

त्याला आज अकरा दिवस झाले.

तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेल्या माणसानं असल्या बोलण्याला हसून सोडून द्यावं. उत्तमरावांनीही दिलं होतं. पण पहिली गोगलगाय मेली आणि ते बोलणं आठवलं. दुसरी मेली तेव्हा ते रात्रभर कूस बदलत राहिले. मनाला लाख समजावलं तरी मन चिंती ते वैरी न चिंती.

कोळंबी दुपारी मेली. पोवळ्यांनी तोंडं मिटून घेतली होती. उरले दोन मासे.

कोकिळाबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. आईचं काळीज. ती लगेच अर्थ लावील आणि हाय खाईल. तशी ती वरवर शांत होती. जेवत कमी होती, कंबर धरली म्हणून खाली चटईवर झोपत होती, पण रडणं-बिडणं काही नाही.

"शिवमचा फोन?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"कंपनीवाल्यायचा आलता नं. तिकडं रेंज नाही म्हने." ती पदराला हात पुसत म्हणाली. "तुम्ही नका जिवाले लावून घेऊ. डॉक्टरनं काय सांगतलं?"

डॉक्टरनं सांगितलं होतं, तीन महिने मनाला धक्का नको. म्हणून त्यांचा फोनही तिच्याच ताब्यात. गेल्या आठवड्यात त्यांचा भाऊ कडूबा गावाहून दोनदा येऊन तब्येत विचारून गेला. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, पण दोन्ही वेळा चहाही न घेता उठला.

"चाल, बालाजीले जाऊन येऊ," उत्तमराव म्हणाले. आठवडाभरात हे चौथ्यांदा. "पोराच्या नावानं एक नारळ फोडू."

"तुम्हाले पायऱ्या चढायच्या नाही."

"मंग तू जाय."

"माह्यानं नाही होत."

देवावर रुसली असेल, त्यांना वाटलं. त्यांनी टाकीचं मीठ विचारायच्या निमित्तानं फोन मागितला. तिनं स्वतः नंबर लावून दिला आणि बोलणं संपेपर्यंत दारातच उभी राहिली. संभाजीनगरच्या दुकानदाराशी, जीवनशी, ते आवाज दाबून बोलले.

"सर, पाण्यात तांबं गेलंय का?" जीवन म्हणाला. "गोगलगाय, कोळंबी आधी जाते त्यानं. मग पोवळी. मासे शेवटी. तांब्याचं भांडं-बिंडं बुडवलं का?"

"नाही हो. प्लास्टिकची बादली आहे."

"मग आत शोधा. लवकर."

छातीची जखम ओढत होती, तरी त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. एकेक दगडामागं बोटं फिरवली. शेवटच्या दगडाखाली काहीतरी गोल, चपटं लागलं. बाहेर काढलं. जुना भोकाचा पैसा होता, हिरवा पडलेला.

उत्तमराव मटकन खुर्चीत बसले आणि हसू लागले. पोरावर काहीच आलं नव्हतं. हे साधं तांबं होतं, पुस्तकातलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास आला.

"कोकिळा! इकडं ये व. हे काय?"

तिनं तळहातावरचा पैसा पाहिला. "मीच टाकला."

"अवं, पैनगंगेचा पूल आला का बसच्या खिडकीतून टाकतं, तसा? आपल्या घरातल्या समुद्रात?" त्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. "वेडी का काय तू? खरं सांगू, मी लय भेलो होतो. एक एक जीव मरून राह्यला होता आन् मले वाटे, शिवमचंच काही... तुह्यापासून लपवून कुंडीत पुरले मी. आन् निघालं काय, तं तुह्या नवसाचा पैसा!"

ती चटईवर खाली बसली, भिंतीला टेकली.

"आता तं हास," ते म्हणाले. "पाणी बदलून टाकतो. पण नवस करायचा होता, तं बालाजीले काऊन नाही आली?"

"नवसाचा नाही तो." तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "अस्थी सोडतानी संग पैसा सोडा लागते. अस्थी तं समुद्रानं देल्याच नाही, मंग नुसता पैसाच सोडला."