बुटाच्या नाड्या

"आज मी पाठीला हात लावणार नाही, नेव्ह. तुमचं तुम्हीच करायचं," टॅमसिन म्हणाली आणि तिने जमिनीवर चटई टाकली.

नेव्हिलच्या तोंडाला कडवट चव आली. उभी हयात मेंढ्यांची लोकर कापण्यात गेली, पाठीचा भुगा झाला, आणि ही कालची पोर त्याला उताणं पडून गुडघे छातीशी घ्यायला सांगत होती! लोकर फार वाढलेली मेंढी अशीच उताणी पडते आणि नुसते पाय झाडते. त्याला स्वतःची शिसारी आली.

"पाठीचे मणके बसवणारी कायरोप्रॅक्टर ना तू? मग मणका कडकन वाजव आणि मोकळी हो," तो खेकसला.

"त्याने दोन दिवस बरं वाटतं, नेव्ह. रोजची पाठ तुमची तुम्हालाच सांभाळायला हवी."

"करेल तो," कोपऱ्यातून त्याची बायको बेरिल म्हणाली. "मी घेते करून."

आणि तिने घेतलं करून. रोज सकाळी ती चटई अंथरायची. तो शिव्या घालायचा, ती म्हणायची, "अजून एकदा." तिच्या त्या उत्साहाचाही त्याला वीट आला होता. व्यायाम संपला की तो खुर्चीत बसून पाय पुढे करायचा. बेरिल गुडघे टेकून त्याला बूट चढवायची, नाड्या बांधायची.

"आवळ नीट. एवढं तरी धड कर," म्हणत तो बुटाच्या टोकाने तिला ढोसायचा. मग ती मोरीपाशी जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायची. बायकी नखरे, असं म्हणून तो पबकडे निघायचा.

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. सकाळी हाका मारूनही बेरिल येईना. नेव्हिलने वैतागून एक शिवी हासडली आणि टॅमसिनने शिकवलं होतं तसा तो कमरेतून वाकला. पाठ दुखली, पण बोटं नाड्यांपर्यंत पोचली. एक गाठ बसली. मग दुसरी.

"बेरिल! जमलं गं!" तो ओरडला. "बघ, आता माझं कुणावाचून अडत नाही!"

ती दारात येऊन उभी राहिली. अंगात बाहेरचा कोट, हातात सुटकेस.

"दोन्ही बूट?"

"दोन्ही!"

तिने लांबूनच वाकून दोन्ही गाठी नीट पाहून घेतल्या.

"दोन वर्षं किळस गिळून तुझ्या पायाशी बसले, नेव्हिल. अडलेल्या माणसाला टाकून जायला मन धजत नव्हतं," ती म्हणाली. "आता जाता येईल."