भीमाला धाडलेलं गाव

दानीएल मास्तरांनी टाक शाईत बुडवला, झटकला, आणि तेवढ्यात त्यांना दिसलं की टेबलाचा एक पाय हलतोय. हलत्या टेबलावर गावाचा इतिहास कसा लिहायचा? ते उठून लाकडाची चपटी ढलपी शोधायला लागले.

"ढलपी सापडेपर्यंत आजचा दिवस गेला म्हणायचा," चुलीपाशी बसलेल्या दीनाबाई म्हणाल्या.

मिशनच्या शाळेतून मास्तर घरी बसले, त्याला चार वर्षं झाली होती. जामखेडच्या अलीकडच्या त्या कोरड्या गावाची हकिगत पुस्तकात आली पाहिजे, असं नगरच्या एका छापखान्याचे मॅनेजर म्हणाले होते, आणि मास्तरांनी उपासनेनंतर सगळ्या मंडळीसमोर तसा शब्द दिला होता. मोठा दुष्काळ, वडिलांनी चिंचेखाली भरवलेली पहिली शाळा, तीनदा खचलेली विहीर, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. साठी उलटलेलं डोकं किती दिवस पुरणार? त्यांच्यामागे ते सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. हे कळत असल्यामुळेच त्यांना एकही वाक्य पटायचं नाही. लिहायचं, वाचायचं, फाडायचं. दीनाबाईंची चूल पेटवायला कागद कधी कमी पडला नाही.

चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात, एका बाजाराच्या दिवशी साळूबाई दारात येऊन बसल्या. त्यांचा मुलगा भीमा पलटणीबरोबर ब्रह्मदेशात होता.

"मास्तर, भीमाला पत्र लिवायचंय."

मास्तरांना बरंच वाटलं. दुसऱ्याचं काम आलं की आपलं टाळायला वेगळी सबब लागत नाही.

"सांगा. काय लिहू?"

"घरचं चार ओळी मी दीनाबाईकडून लिवून घेते. बायामानसाचं तुमाला काय सांगायचं? तुमी निस्तं गावाचं लिवा. आपली हीर कशी खचली, इचारतंय पोरगं. लई आठवन येती म्हनं."

"एवढंच?"

"आन् कागदाच्या एकाच बाजूनं लिवा. तपासनारा सायेब पाठीमागचं वाचत न्हाई म्हनत्यात."

मास्तरांनी लिहायला घेतलं. पलटणीतल्या पोराला सांगायचं म्हटल्यावर पहिल्या वाक्याची शोभा कोण बघतो? विहीर खचली तेव्हा आत कोण होतं, इथूनच त्यांनी सुरुवात केली. तीन पानं झाली. मग सवयीप्रमाणे त्यांनी वाचून पाहिलं, कपाळाला आठी पडली आणि हात कागदाकडे गेला. साळूबाईंनी पानं ओढून घेतली.

"फाडायचं न्हाई. माझं पत्र हाय ते."

आणि पानं घेऊन त्या आत दीनाबाईंकडे गेल्या.

पुढं दर बाजाराला हेच. साळूबाई उंबऱ्यावर बसून राहायच्या. "गाडी जुपलीया मास्तर, आवरा," म्हणायच्या. टेबलाचा पाय बघायला सवड मिळायची नाही. भीमाचं उत्तर त्या दीनाबाईंकडूनच वाचून घ्यायच्या आणि मास्तरांना निरोप सांगायच्या. कधी चिंचेखालच्या शाळेचं विचारलंय, कधी बिबट्याचं.

दीनाबाई दोन-तीन महिन्यांनी नगरला बहिणीकडे, मरियाकडे जायच्या. मरियाचा नवरा विल्सन छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याच्या कपड्यांवरचे शाईचे डाग निघता निघत नसत, म्हणून दीनाबाई जाताना रिठ्यांचं गाठोडं घेऊन जायच्या.

"मॅनेजर भेटले तर पुस्तकाचं काही बोलू नकोस," मास्तर दर वेळी बजावायचे.

"मी कशाला बोलू?" दीनाबाई म्हणायच्या.

दुसऱ्या वर्षी साळूबाई यायच्या आधीच मास्तर लिहायला बसलेले असायचे. बाजार नसलेल्या दिवशीही बसायला लागले. आणि एका सकाळी, दुष्काळाची हकिगत संपवून टाक खाली ठेवताना, त्यांच्या ध्यानात आलं की आता सांगायचं काही उरलेलं नाही. अख्खं गाव लिहून झालं होतं. पुस्तक तयार होतं, फक्त ते ब्रह्मदेशात भीमाच्या ट्रंकेत होतं. मास्तरांचे डोळे भरून आले. मागून घेता येईल, पोरगं काही नाही म्हणणार नाही.

शेहेचाळीस साली भीमा पलटणीतून सुटून आला. दुसऱ्याच दिवशी तो आईबरोबर मास्तरांकडे पाया पडायला आला. मास्तरांनी त्याला नीट बसूही दिलं नाही.

"भीमा, पत्रं जपलीस ना रे?"

"समदी जपली मास्तर." त्यानं पिशवीतून सुतळी बांधलेलं पुडकं काढलं.

पुडकं फारच लहान होतं. मास्तरांनी ते सोडलं. प्रत्येक कागदावर चार ओळी, दीनाबाईंच्या गोल अक्षरात.

"आणि माझी?"

"तुमची कोनची? आईचं पत्र दीनाबाईच लिवायच्या. तुमचं तर एकबी न्हाई आलं."

मास्तर खुर्चीत बसले. दोन वर्षं, शंभरावर पत्रं. साहेबानं फाडली, की समुद्रात गेली? टेबलाचा पाय अजूनही हलत होता. मग त्यांनी दौत जवळ ओढली.

"दीना, कोरे कागद दे. एकदा लिहिलंय, पुन्हा लिहीन."

"उद्या बसा की," दीनाबाई म्हणाल्या.

"उद्या नाही. आत्ता."

दीनाबाईंनी कोरे कागद आणले नाहीत. कालच नगरहून आणलेलं गाठोडं त्यांनी टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली. रिठ्यांचा वास आला, पण आत रिठे नव्हते. पुठ्ठ्याच्या बांधणीची पुस्तकं होती. वर दानीएल मास्तरांचं नाव होतं, आणि पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत, विहीर खचत होती.

"आता फाडा, मास्तर," साळूबाई म्हणाल्या. "पाचशे छापल्यात."