देवमाशाचा दात

“दोन तास झाले, माणसं उन्हात बसलीत,” लिटिया आत्या कुरकुरली. “परातभर यांगोनाचं पेय कालवून ठेवलंय पाहुण्यांसाठी, ते कुणी प्यायचं? हा राग आहे की नुसता आडमुठेपणा?”

“हळू बोला, आत्या. भावजींना ऐकू जाईल,” तारुसिला म्हणाली.

“जाऊ दे. त्यासाठीच बोलतेय.”

रुपेनी दाराशी अंगणाकडे पाठ करून बसला होता. अंगणात नदीपलीकडच्या गावची सात माणसं, माना खाली घातलेली. पुढे म्हातारा उसाइया, त्याच्या ओंजळीत दोरी ओवलेला देवमाशाचा दात. मागे त्याचा मुलगा एसाला, सैन्यातला शिपाई.

तारुसिलाचा नवरा, कॅप्टन विलिकेसा, सैन्याने सरकार उलथवलं त्या सकाळी राजधानीत, सुवाच्या छावणीत मारला गेला. शस्त्रागाराची किल्ली त्याच्याकडे होती. तोंडं बांधलेले सैनिक आले. त्याने ती दिली नाही. गोळी कुणाची लागली हे चौकशीत ठरलंच नाही. एसाला एवढंच म्हणाला, “मीही झाडली होती. माझीच लागली असेल.”

त्या ‘असेल’वर अख्खं गाव माफी मागायला आलं होतं. घरच्या कर्त्या पुरुषाने दात हातात घेतला की संपलं, पुन्हा कुणी नाव काढायचं नाही. नाही घेतला, तर एसालाच्या घरच्यांनी नदी ओलांडायची नाही.

विलिकेसाच्या मागे कर्ता म्हणजे धाकटा भाऊ रुपेनी. त्याच छावणीत ट्रक चालवायचा. विलिकेसानेच शब्द टाकून चिकटवलेला. विलिकेसाचं सगळंच असं, दुसऱ्याचं निस्तरणारं. कॅप्टन झाला तरी सुट्टीत आत्याच्या मळ्यात चिखलात उभा. गणवेशाची इस्त्री मात्र स्वतः करायचा, बायकोची कधी पसंत पडली नाही.

त्याला शेवटची आंघोळ घालताना रुपेनी बाहेर माडाशी उभा राहिला होता. ज्याचं त्याचं दुःख, म्हणून कुणी बोललं नाही.

तारुसिला त्याच्याजवळ येऊन बसली.

“भावजी, घ्या तो दात.”

“नाही.”

“माझा नवरा गेलाय, आणि मी माफ केलंय.”

“तुमचं मन मोठं आहे, वहिनी.”

“मग तुमचं का एवढंसं? एसालाच्या बायकोला सातवा लागलाय. तिचं माहेर आपल्याच गावात. आईकडे बाळंतपणाला यायचं नाही का तिने?”



उसाइयाने ओंजळ अजून तशीच पुढे धरली होती. दात खाली ठेवायची रीत नाही. “घे रे पोरा,” तो म्हणाला. “तुझ्या भावाचं रक्त आमच्या माथी आहे.”

रुपेनी वळला आणि बसल्या बसल्या सरकत अंगणात गेला.

“सुचलं एकदाचं,” आत्या पुटपुटली.

त्याने म्हाताऱ्याचे हात आपल्या हातांत धरले आणि दातासकट हळूच मागे सारले.

“सुनेला उद्याच माहेरी पाठवा, काका. एसालाची गोळी भिंतीत गेली. मी बघितलीय.”

“तू रे कुठे होतास बघायला?” आत्याने दारातून विचारलं.

“त्याच्याच शेजारी, बंदूक घेऊन. तोंड बांधलं होतं, तरी दादाने ओळखलं. ‘रुपेनी, घरी जा,’ म्हणाला. आणि मी गोळी झाडली.”