उभ्या माणसाला बसा म्हणावं

यंत्राला रोजच्या जगण्यातलं साधं शहाणपण शिकवायचं, ही माझी नोकरी. ओली छत्री गादीवर ठेवू नये, गरम चहा फुंकून प्यावा, असं बारीकसारीक. कार्टं भारी हुशार! एकदा सांगितलं की पक्कं. दर बरोबर उत्तराला मी कौतुकानं "शाब्बास" म्हणायचे.

आज दुपारी शिकवलं, "कुणी उभं असेल तर आधी बसा म्हणावं."

"मग तुम्ही का म्हणत नाही, ताई?" त्यानं विचारलं. "ते सकाळपासून तुमच्या मागे उभे आहेत."

खोलीत मी एकटीच होते. दाराला आतून कडी होती.

मागे न बघताच मी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि म्हणाले, "बसा."

खुर्ची करकरली.

"शाब्बास, ताई," यंत्र म्हणालं.