पाणाड्याची रेंज

“मामा, फोटोच जाईना,” दुर्गा म्हणाली. लॅपटॉप बाजेवर आपटायचा तेवढा राहिला होता.

चार वाजून गेले होते. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म पाचला बंद होणार होता. लॅपटॉप तिच्या भावाचा, त्याला खोचलेलं डोंगलही त्याचंच. नेट मात्र कोणाचंच ऐकत नव्हतं. ती गच्चीवर जाऊन आली, गोठ्यामागे जाऊन आली, चुलीपाशीसुद्धा बसून पाहिलं. रेंजची कांडी एकच. फोटो सात टक्क्यांपर्यंत जायचा आणि तिथेच बसकण मारायचा.

तिचे सासरे कडूबा उंबऱ्यात बसून हे पाहत होते. कडूबा पाणाड्या. तळहातावर आडवा नारळ घेऊन शिवारभर फिरायचे. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. पण तीन वर्षांत त्यांच्या हातावर कोणी नारळ ठेवला नव्हता.

“हे नेट येतं कुठून?” त्यांनी विचारलं.

“हवेतून, मामा. वाटूरच्या टावरवरून. दिसत न्हाई. एका जागी लागतं, दोन पावलांवर लागत न्हाई.”

“मंग पाण्यावानीच हाय की,” म्हणत कडूबा उठले. “आण इकडं. जल्दी.”

त्यांनी लॅपटॉप उघडाच दोन्ही तळहातांवर घेतला. चपला घातल्या नाहीत. जागा शोधताना ते कधीच घालत नसत. दुर्गा शेजारून कांड्या वाचत निघाली. डोक्यावरचा पदर कधीच घसरला होता, पण आज त्याची शुद्ध दोघांनाही नव्हती. कडूबा आधी उगवतीकडून मावळतीकडे चालले, मग आडवे. पत्र्याच्या शेडपाशी होती ती कांडीही गेली. त्यांनी शेडला वळसा घातला. बांधावर दोन झाल्या.

बांधापलीकडे सर्जेरावांचा माळ चढत गेला होता. कडूबा तिथेच थांबले.

“पुढं चला, मामा. तिकडं वाढून राह्यलंय.”

“तिकडं नको.”

“मामा, पावणेपाच झाले.”

चढावर जमिनीतून हातभर वर आलेला एक पाइप होता, तोंडावर फरशी ठेवलेला. सर्जेरावांचं बोअर. जागा कडूबांनीच दाखवली होती. तीनशे फूट खोदलं तरी नुसता फुफाटा निघाला, आणि तो सगळा कडूबांच्या नावावर बसला. त्या दिवसापासून त्यांनी या माळावर पाय ठेवला नव्हता. त्यांनी एकदा सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि बांध ओलांडला.

“तीन!” दुर्गा म्हणाली.

लिंबाखाली बसलेले सर्जेराव उठून आले. “काय कडूबादादा, माझ्या बोअरला फुफाटा लावला, आता सुनंचा फॉर्म बुडवता का?”

कडूबा चालत राहिले. चार झाल्या. पाइपाला पाय टेकला तशी दुर्गा ओरडलीच, “पाच! हलू नका, मामा!”

म्हातारा हलला नाही. हात भरून आले, नाकावर माशी येऊन बसली, तरी नाही. तेवीस टक्के. साठ. फोटो गेला. पाठोपाठ सही गेली. पाचला आठ मिनिटं कमी असताना हिरव्या अक्षरांत फॉर्म भरल्याचा नंबर आला. दुर्गाने डोळे पुसत पुसत तो दोनदा मोठ्याने वाचला.

सर्जेरावांनी मान लांब करून पडद्याकडे पाहिलं. “खरंच लागलं?”

“पाच कांड्या, काका. अख्ख्या गावात न्हाईत.”

कडूबांनी लॅपटॉप सुनेच्या हाती दिला. तीन वर्षं वाकलेली पाठ त्यांनी सरळ केली. मग रिवाजाप्रमाणे जवळचा एक दगड उचलून खुणेसाठी पाइपाच्या फरशीवर ठेवला आणि हात झटकले.

“जागा तवाबी बराबर व्हती, सर्जेराव,” ते म्हणाले. “तुम्ही खाली खांदलं.”